बाईंचा राखीव ड्रम

द्वारकाबाईंची आणि माझी पहिली भेट दवाखान्याच्या मागच्या दारी, कचऱ्याच्या बादलीपाशी झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असे संपादक मंडळातल्या एका सज्जनांनी मला सुचवून पाहिले. मी ऐकले नाही. बाईंविषयी खरे लिहायचे तर बादलीपासूनच लिहावे लागते, त्याला माझा इलाज नाही.

हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण होऊन थोडीच वर्षे झाली होती. परंडा भागातल्या एका सरकारी दवाखान्यात माझी ड्रेसर म्हणून नेमणूक झाली. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाईंची तशी आज्ञा आहे. "चुका झाल्या त्या माणसांच्या हातून. गावाला कशाला नाव ठेवता?" असे त्यांचे म्हणणे. ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन मलमपट्टी करणारा माणूस. मी धाराशिवला मोठ्या दवाखान्यात शिकून आलेला, त्यामुळे डोक्यात बरीच हवा होती. मोटारीतून उतरलो, ट्रंक उचलली आणि जवळचा रस्ता म्हणून मागच्या बाजूने आत शिरलो. तिथे एक ठेंगण्या बाई लुगड्याचा पदर खोचून, उकिडव्या बसून, चिमट्याने बादलीतला एकेक जिन्नस काढून जुन्या वर्तमानपत्रावर मांडत होत्या.

मी ऐटीत विचारले, "ए बाई, इथल्या मोठ्या सिस्टर कुठं भेटतील?"

त्यांनी वर पाहिले. "भेटल्या की," म्हणाल्या. "तुम्ही नवे ड्रेसर? शंकरराव ना? ट्रंक ठेवा आणि जरा हे बघा. हा कापसाचा बोळा कोरा करकरीत आहे. हा कुणी आणि कशापायी टाकला असंल, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटणार? मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे वाटत होते. पण बाईंनी त्या 'ए बाई'चा पुढे कधी उल्लेख केला नाही. आज बाईंच्या साठीच्या निमित्ताने मीच तो जाहीर करून मोकळा होतो.

दर शनिवारी दुपारी बाई ही बादली तपासत. आम्ही सगळे भोवती उभे. त्या एकेक वस्तू उचलत आणि "हे का टाकलं?" एवढेच विचारत. "कुणी टाकलं?" हा प्रश्न पहिल्या दिवशी माझ्यापुढे केला तेवढाच, एरवी तो त्यांच्या तोंडी नव्हता. अर्धी वापरलेली पट्टी, न फुटलेली पण बूच हरवलेली औषधाची बाटली, बोथट म्हणून फेकलेली सुई. सुई सहाणेवर कशी घासायची हे त्यांनीच मला शिकवले. त्याचबरोबर वाकडी सुई मात्र कितीही घासली तरी रोग्याच्या अंगात जाता कामा नये, हेही शिकवले. ती त्या स्वतःच्या हाताने मोडून टाकीत.

हे सगळे कशासाठी, ते मला डॉक्टरसाहेबांनी सांगितले. आमचे डॉक्टर रहीमसाहेब हैदराबादेत शिकलेले, दिलदार आणि विसराळू. मी येण्यापूर्वी पंधरा दिवस, पहिलटकरीण अडली म्हणून सीना नदीकाठच्या एका गावाहून गाडी आली होती. दवाखान्यात त्या दिवशी कापूस नव्हता, जाळीचे कापड नव्हते. तीन महिन्यांचा पुरवठा दोन महिन्यांतच संपला होता आणि वरच्या कचेरीचे उत्तर ठरलेले होते: पुढचा माल येईपर्यंत शस्त्रक्रिया बंद, रोगी बार्शीला पाठवावेत. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. बैल तहानलेले होते, त्यांना पाणी पाजून गाडी तशीच पुढे निघाली.

"क्या बोलूं मियां," डॉक्टर म्हणाले, "वो गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाई पायरीवर खड़े रहे. आत आल्या आणि बोलल्या, साहेब, आजपासून बादली मी बघणार. मैं बोला, हौ बाई, देखो."

ती पोर बार्शीला पोचली की नाही, हे आम्हाला कधीच कळले नाही. बाईंनी त्यानंतर एकच गोष्ट मनाशी धरली होती: सामान संपले म्हणून आपल्या दारातून माणूस परत जायचा नाही. पुढे मी जे जे सांगणार आहे, ते सगळे या एका गोष्टीसाठी होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण मी ते ध्यानात ठेवले नाही आणि त्याचे फळ भोगले.

बाई मूळच्या तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. लहान वयात कपाळ पांढरे झाले. घरच्यांचा विरोध पत्करून त्या हैदराबादला परिचारिकेचे शिक्षण घ्यायला गेल्या. घरी देवीच्या नैवेद्याचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, ही शिस्त लहानपणापासून अंगात मुरलेली. तीच त्यांनी दवाखान्यात आणली, असे लोक म्हणतात. मी एकदा त्यांना तसे म्हणालो, तर फटकन उत्तर आले, "देवी उपाशी राहत न्हाय, शंकरराव. रोगी राहतो."

उपाशी राहण्यावरून आठवले. आमच्याकडे रोग्यांच्या खुराकीचा तक्ता होता तो जुन्या अमदानीतला, उर्दूत लिहिलेला. त्यात सकाळी दूध आणि पाव. पाव मोटारीने येई, शिळा होऊन येई, पण तक्त्यात होता म्हणून येई. बाईंच्या बादलीत पावाचा तुकडा कधी सापडला नाही, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. बाई नव्हत्या. एके दिवशी त्या खिडकीतून मागच्या माळाकडे बघत म्हणाल्या, "गावातली कुत्री बघा आणि ही आपल्या मागची बघा. ही एवढी गुबगुबीत कशानं झाली हो?"

त्या सरळ वॉर्डात गेल्या आणि सोनारीकडच्या एका म्हातारीच्या खाटेवर बसल्या. म्हातारीने बऱ्याच आढेवेढ्यांनंतर उशीखालून दोन पाव काढले. दुपारी नातू येऊन ते कुत्र्यांना टाकणार होता.

"आवडत न्हाय का, आजी?"

"आवडीचं न्हाय, बाई. पाव आला की मानूस जातंय. आमच्या आळीत दोघांस्नी पाव दिल्ता, दोगंबी गेली. म्या अजून जगनार हाय."

मला हसू फुटले. बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की ते जागच्या जागी विरले. म्हातारीचे तरी काय चुकले होते? खेड्यात पाव आणायचा तो डॉक्टरने हात टेकल्यावर, दुसरे काही पचत नाही म्हणून. पाव बघितला की घरचे रडायला लागत. आणि आम्ही रोज सकाळी प्रत्येक खाटेवर तो नेमाने ठेवत होतो! वीस खाटांपैकी चौदा खाटांवरचा पाव उशीखाली जात होता, आणि उपाशीपोटी जखमा भरत नव्हत्या म्हणून रोगी जास्त दिवस राहत होते.

बाईंनी डॉक्टरांकडून वर अर्ज लिहवला. पावाऐवजी ज्वारी द्यावी, एवढीच मागणी. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. राज्य बदलले, कागदांची भाषा बदलली, पण कागदाची चाल बदलली नाही. शेवटी मंजुरी आली. त्या दिवसापासून ज्यांना चालेल त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी आणि ज्यांना चालणार नाही त्यांना ज्वारीच्या कण्यांची पेज मिळू लागली. ज्या दोघा-तिघांना पाव हवा असे, त्यांचा पाव बाईंनी बंद केला नाही. तोवर खाटेवरच असलेली ती म्हातारी पुढच्या आठ दिवसांत चालत घरी गेली. मागची कुत्री मात्र अंगाने उतरली, आणि त्याचे श्रेय मी आजही बाईंनाच देतो.

पट्ट्यांचेही असेच. जखमेला लागते ते कापड कोरे आणि निर्जंतुकच हवे, त्यात तडजोड नाही. पण वरून गुंडाळायची पट्टी जुन्या धोतराची, स्वच्छ धुऊन उकळलेली चालते. आठवडी बाजाराच्या दिवशी बाई दवाखान्याच्या दारात उभ्या राहून जुनी धोतरे मागत. आधी लोक बिचकले, मग गाठोडी येऊ लागली. दुपारी रोग्यांसोबत आलेल्या बायका ओसरीवर बसून पट्ट्या फाडत, गुंडाळत आणि आपल्या सासवांच्या कागाळ्या करत. अशा रीतीने जे कोरे कापड वाचे, ते बाई एका मोठ्या ड्रममध्ये भरून ठेवत. ड्रम म्हणजे झाकणाचा पत्र्याचा गोल डबा. तो वाफेच्या यंत्रात ठेवून आतले कापड निर्जंतुक करतात. आमचे रोजच्या वापराचे ड्रम दोन, ते वाफवायचे काम माझे. हा तिसरा बाईंचा राखीव. त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि गंमत म्हणजे तो वापरला नाही तरी दर रविवारी बाई तो स्वतः पुन्हा वाफवत.

माझा जीव तीळ तीळ तुटे. रॉकेल केवढ्या मुश्किलीने मिळे! आणि ही बाई बादलीतून कापसाचे बोळे वेचते आणि दर आठवड्याला न वापरलेल्या ड्रमवर रॉकेल जाळते. एकदा मी धीर करून म्हणालोच, "बाई, ही उधळपट्टी न्हाय का?"

"न्हाय," बाई म्हणाल्या आणि स्टोव्हला पंप मारत राहिल्या.

मग मी ठरवले की बाईंची ही उधळपट्टी आपण भरून काढायची. वाफ धरल्यापासून ड्रम किती वेळ ठेवायचा, ते बाईंनी ठरवून दिले होते. मी त्यातली दहा मिनिटे कापली. कुणाला सांगितले नाही. वाटले, महिनाअखेरीला रॉकेलचा डबा दाखवू आणि शाबासकी घेऊ. मी मूर्ख होतो, यापेक्षा नेमका शब्द मला सापडत नाही. आणि वाईट हे, की बाईंचा पट्टशिष्य म्हणून मी हा मूर्खपणा करत होतो.

पंधरा दिवस असेच गेले. बाजाराचा दिवस होता. भर दुपारी चार माणसांनी घोंगड्याच्या झोळीत घालून एका धनगराला आणले. म्हाळाप्पा त्याचे नाव, तिशीचा गडी. अंतर्गळ अडकून आतडे फासात सापडले होते. पोट ताठ, चेहरा राखेसारखा. त्याची बायको पार्वती दाराशी उभी राहून एकच विचारत होती, "बाई, माजा धनी वाचंल न्हवं?"

बाई कुणाला खोटी आशा देत नसत. त्यांनी तिचा हात धरला. "आमच्याकडं हाय तेवढं सगळं लावू, बाई. काही राखून ठेवणार न्हाय."

डॉक्टर हात धुऊ लागले. हत्यारे उकळायला जादा स्टोव्ह हवा म्हणून बाई कोठीत आल्या, रॉकेलचा डबा उचलला आणि तिथेच थबकल्या.

"शंकरराव, डबा जड कसा?"

बाईंना कमी पडल्याची भीती वाटे, पण जास्त उरल्याची त्याहून जास्त वाटे, हे मला त्या क्षणी कळले. मी मात्र तोवर फुशारकीतच होतो. "वाचवलंय, बाई."

"कशातनं?"

मी सांगितले. बाईंचा चेहरा मी आजपर्यंत विसरलेलो नाही. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या टेबलाशी गेल्या, माझे दोन्ही ड्रम उघडले आणि आतले सगळे कापड बादलीत ओतले. त्याच बादलीत, जिच्यातून त्या शनिवारी बोळे वेचत. मग कपाटातून राखीव ड्रम काढला. तो परवाच, रविवारी, पूर्ण वेळ वाफवलेला होता; दर रविवारचे ते रॉकेल अशाच दिवसासाठी जळत होते.

डॉक्टरांना सवयीने हात राखूनच कापड वापरायची खोड लागली होती. पहिल्याच घड्या ते जपून घेऊ लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, पोटात गेलेलं आणि बाहेर आलेलं कापड मोजणं माझ्याकडं. तुम्ही हात आखडू नका."

चार महिन्यांच्या शनिवारांनी, फाटक्या धोतरांनी आणि सासवांच्या कागाळ्यांनी साठवलेले ते कापड तासा-दीड तासात संपले. मी दाराशी उभा राहून ते संपताना बघत होतो. बाईंच्या चेहऱ्यावर हळहळीचा लवलेश नव्हता. शेवटी ड्रमचा तळ दिसला, डॉक्टरांनी शेवटचा टाका घातला, आणि म्हाळाप्पाचा श्वास चालू होता.

त्यानंतर बाई माझ्याशी बोलल्या. मागच्या दारी, दोघेच. "मी बादलीतनं वेचते ते आपल्या हातनं सांडलेलं असतं, शंकरराव. ते आपलं असतं. ती दहा मिनिटं तुमची नव्हती, रोग्याची होती. रोग्याच्या वाट्याचं वाचवलं तर त्याला वाचवणं म्हणत न्हाईत. चोरी म्हणतात."

मी रडलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे लिहायला लाजू नये. मी म्हणालो, माझी तक्रार करा. त्या म्हणाल्या, "मी न्हाय करणार. तुम्ही स्वतः साहेबांना सांगा. आणि पंधरा दिवसांत त्या ड्रममधनं ज्यांची ज्यांची जखम बांधली, त्यांची नावं काढा."

डॉक्टरांनी ऐकून कपाळावर हात मारला. "क्या किये जी तुम!" एवढेच बोलले आणि नावे काढायला रजिस्टर माझ्या हाती दिले. पट्टी बांधून घरी गेलेले अकरा जण निघाले, सात गावांतले. मे महिना होता. मी पायी निघालो. प्रत्येक घरी जाऊन, पट्टी सोडून, जखम बघायची. विचारले तर खरे सांगायचे, अशी बाईंची अट. दहा जण देवाच्या कृपेने ठणठणीत निघाले. अकरावा एक म्हातारा कुंभार, त्याच्या पोटरीत पू धरला होता. त्याला बैलगाडीतून घेऊन आलो. पेनिसिलीनची इंजेक्शने द्यावी लागली. तेव्हा ते औषध सोन्याच्या मोलाने मिळे, आणि माझे वाचवलेले सगळे रॉकेल त्यातल्या एका बाटलीच्या पासंगाला पुरले नसते. कुंभारबाबा बरे झाले. जाताना मलाच म्हणाले, "व्हतंय लेकरा, एखांदं मडकं कच्चं ऱ्हातंय." मला ते ऐकून पुन्हा रडू आले.

गावे फिरून परत आलो त्या दिवशी माझ्या दोन्ही तळपायांना फोड येऊन फुटले होते. मी लंगडत कोठीकडे चाललो होतो. बाईंनी बघितले आणि बाकावर बसवले. पाय धुतले, औषध लावले, आणि नुकत्याच भरू लागलेल्या राखीव ड्रममधून कोरे कापड काढले.

मी ओरडलोच, "बाई, जुनं धोतर चालंल मला! ते कशाला?"

"गप बसा," बाई म्हणाल्या. "जखम आहे."

माझ्या आईनंतर माझे पाय कुणी धुतले असतील तर ते बाईंनी. ज्याला त्यांनी चोर म्हटले, त्याच्या जखमेला त्यांनी कोरे कापड लावले. काटकसर कशाला म्हणतात आणि माया कशाला म्हणतात, याच्यावर मी त्यानंतर कुणाचे भाषण ऐकलेले नाही. गरज पडली नाही.

बाई निवृत्त होईपर्यंत त्या दवाखान्याच्या दारातून सामान नाही म्हणून एकही माणूस परत गेला नाही. हे मी साक्षीदार म्हणून लिहितो. म्हाळाप्पा आज चांगला कळप राखून आहे. दर वर्षी दिवाळीनंतर तो आणि पार्वती बाईंसाठी एक घोंगडी घेऊन येतात. बाई ती घेतात, आणि थंडीत एखाद्या रोग्याच्या अंगावर टाकायला माझ्याकडे दवाखान्यात पाठवतात. म्हाळाप्पाला हे ठाऊक आहे, तरी तो दर वर्षी आणतो.

मागच्या रविवारी, या ग्रंथाची बातमी द्यायला मी तुळजापूरला गेलो होतो. बाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. सत्कार, शाल, ग्रंथ असे सगळे मी सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कागदाचा. "दोन्ही बाजूंनी छापणार ना हो?" मी होय म्हणालो. मग हातातली वात वळून बाजूला ठेवत त्यांनी विचारले, "ड्रम?"

"भरलेला आहे, बाई."

"वाफवला?"

"आज सकाळी निघताना."

"किती वेळ?"

"पूर्ण वेळ, बाई."

त्या हसल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. त्या दिवशी त्यांच्या चालण्यात थोडा थकवा दिसला. परतीच्या मोटारीत बसून मी तुळजाभवानीला मनोमन हात जोडले. आई, या बाईंनी जन्मभर सांडलेले वेचले आणि दुसऱ्याच्या वेळेला ओंजळीने ओतले. आता त्यांना वर्षे द्यायची वेळ तुझी आहे. त्यांना चालते पाय दे, शांत झोप दे, शंभरीपलीकडचे आयुष्य दे. मोजणे आमच्याकडे. तू हात आखडू नकोस.